बुटासकट बोललेला नवस

मोठेपणी मी पहिल्यांदा धावले ती मटकीच्या उसळीसाठी. मुलगी तेव्हा सहावीत होती. शाळेच्या रिक्षाचा भोंगा वाजला, ती दप्तर घेऊन पळाली आणि डबा ओट्यावरच राहिला. माझ्या लक्षात येईपर्यंत रिक्षा आमच्या बोळातून बाहेर पडली होती. मी एक्केचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, पायात घरातल्या सपाता, हातात गरम डबा. तशीच मागे लागले. कोल्हापुरातल्या आमच्या गंगावेशेतून निघालेली रिक्षा मला रंकाळा स्टँडजवळ सापडली, तीही म्हशी आडव्या आल्या म्हणून. डबा आत दिला. आतल्या सहा-सात पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या आणि माझी मुलगी मला ओळखतच नसल्यासारखी दुसरीकडे बघत बसली.

खरी गंमत पुढे आहे. डबा देऊन झाला होता. परत येताना धावायचं काही कारण नव्हतं. तरी मी धावतच परत आले.

घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायले तेव्हा ध्यानात आलं, की पहाटे पाचपासून पहिल्यांदाच सलग वीस मिनिटं मला कोणी काही विचारलं नव्हतं. आमच्या घरात माणसं सहा. सासूबाई, मी, यजमान, दोन मुलं आणि लग्नाचे राहून गेलेले धाकटे दीर. पण शाहूपुरीत आमची गुळाची अडत, आणि गूळ घेऊन आलेला शेतकरी उपाशी गावाकडं गेला तर घराला बट्टा लागतो असं सासूबाईंचं मत. त्यामुळे दुपारी भाकरी दहा थापा नाहीतर तीस थापा, त्या कमीच पडायच्या. माझा मोजा कुठाय, माझा चष्मा कुठाय, भाकरीला कोरड्यास अजून आहे का, या तीन प्रश्नांच्या मधल्या फटीत मी सतरा वर्षं संसार केला होता. तक्रार नव्हती. पण त्या वीस मिनिटांची चटक लागली ती लागलीच.

मग मुलीचा डबा वारंवार राहायला लागला. मंगळवारी राहिला, गुरुवारी राहिला. शनिवारी शाळा सकाळची, डबा नसतोच, तर मी एक केळं घेऊन मागे धावले. शेवटी मुलीने जाहीर केलं, की यापुढे आधी डबा दप्तरात आणि मगच वेणी. माझा रस्ता बंद झाला.

तेव्हा मला दूध आठवलं. आमच्याकडे ते घरपोच यायचं. मी घरात सांगितलं की त्यात पाणी असतं. दूध चांगलं दाट होतं, आणि त्या भल्या माणसाची मी आजही मनातल्या मनात माफी मागते. पण आमच्या गावात कुणी दुधाला नावं ठेवली की पुढे चर्चा होत नाही. जवळच्या दूधकट्ट्यावर पहाटे गवळी म्हशी घेऊन उभे असतात, तिथं समोर धार काढून आणते, असं मी म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

कट्ट्यावरच्या एका गवळीमामांशी मी संधान बांधलं. किटली त्यांच्यापाशी ठेवायची. मुलाचे पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट त्यांच्या वैरणीच्या भाऱ्यात लपवलेले असायचे, ते चढवायचे. रंकाळ्याच्या तळ्याला एक फेरी मारायची आणि परत येऊन बूट वैरणीत, दूध किटलीत, मी घरात. पहिले काही दिवस अर्धी फेरी धावून अर्धी चालायची, मग हळूहळू पुरी व्हायला लागली. मुलाला सांगितलं होतं की बूट धुवायला टाकलेत. ते दीड महिना धुण्यातच होते. शेवटी त्याला नवे घेतले, तेव्हा त्याने जुन्यांची चौकशी सोडली. मामांनी एकदाच विचारलं, डॉक्टरनं सांगितलंय काय. मी नाही म्हणाले. त्यांनी म्हशीकडे बघून मान हलवली आणि पुन्हा विषय काढला नाही.

पण कोल्हापुरात माणसाला निवांत धावता येत नाही. कारण इथे धावणारा दिसला की त्याला मदत करायची असते, त्याची इच्छा असो वा नसो. पहिल्याच आठवड्यात माझ्यासाठी तीन स्कूटर, एक टेम्पो आणि उसाची एक बैलगाडी थांबली. बैलगाडी माझ्याहून हळू चालली होती, तरी गाडीवान म्हणाला, बसा की वैनी, सोडतो. कोणी विचारायचं दवाखाना कुठला, कोणी विचारायचं कोण गेलं. काही झालं नाही असं सांगितलं तर लोकांना राग यायचा. एका गृहस्थांनी मला भर रस्त्यात सुनावलं, की काहीच झालेलं नाही तर उगाच पळून लोकांच्या जिवाला घोर का लावता.

म्हणून मी कारणं द्यायला लागले. कधी दवाखाना, कधी चुकलेली एसटी. आणि तिथेच घात झाला. एका पहाटे शेजारच्या तालमीतले वस्ताद दोन पैलवानांना घेऊन येत होते. मी समोरून सुसाट. वस्तादांनी दोन्ही हात पसरून रस्ता अडवला आणि विचारलं, कुठल्या अंगाला गेला? त्यांचा समज झाला होता की माझ्या गळ्यातलं गंठण मारून चोर पळालाय. मला दम लागला होता, आणि समजावून सांगत बसले तर फेरी मोडणार होती. मी बोळाकडे बोट दाखवलं. तिघेही त्या बोळात शिरले. मी सरळ पुढे गेले. त्या क्षणी मला हसू फुटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुपारी बाराला तिघे आमच्या दारात उभे.

आमच्या सासूबाई मूळच्या संकेश्वरकडच्या, कानडी मुलखातल्या, त्यामुळे घरात सगळे त्यांना आव्वा म्हणायचे. आडव्या अंगाच्या, कपाळावर विभूती, आवाज असा की माडीवरून हाक मारली तर बोळातल्या चार घरांतून ओ यायची. त्यांनी पैलवानांना बसायला पाट दिले, गूळपाणी दिलं. वस्ताद अदबीने म्हणाले, "मावशी, चोर अजून घावला न्हाय. पर रंकाळ्याच्या अंगाला मानसं लावल्यात. वैनींचं गंठन आज ना उद्या मिळतंय."

आव्वांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. गंठण जागेवर होतं. वस्तादांनीही बघितलं. पैलवानांनी बघितलं. जेवत बसलेल्या यजमानांनी आणि भाऊजींनीही बघितलं.

"गंठन तर गळ्यात हाय," आव्वा म्हणाल्या. "मग तू पळत का हुतीस?"

मला बरं वाटतं म्हणून पळते, हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. मला बरं वाटतं म्हणून मी अमुक करते, असंही नाही. माझी नजर भिरभिरली आणि भाकरी कुस्करणाऱ्या भाऊजींवर येऊन थांबली. मी म्हणाले, नवस बोललेय. जोतिबाला. भाऊजींचं लग्न जमू दे म्हणून रोज रंकाळ्याला पळत फेरी.

भाऊजींना ठसका लागला. वस्तादांनी हात जोडले. आव्वांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण कबूल करते, ते पाणी बघतानाही माझं डोकं चालू होतं. कारण सगळ्या जगात भाऊजींच्या लग्नाइतका भरवशाचा नवस दुसरा नव्हता. ते लग्न होण्याची शक्यताच नव्हती. वय अडतीस, माणूस लाख, पण मुलगी बघायला गेले की तोंडाला कुलूप, आणि कुलूप उघडलं की गूळ. ढेप कशी पारखायची, आवक कुठली, भाव का पडला. मुलीचे वडील रंगून जायचे आणि मुलगी नकार कळवायची. कांदेपोहे खाऊन खाऊन त्यांना जिल्ह्यातल्या कुठल्या गावचे पोहे मऊ आणि कुठल्या गावचे कोरडे ते तोंडपाठ झालं होतं. त्यांचं लग्न जमेपर्यंत धावायचं म्हणजे मला जन्मभराची सोय झाली होती.

मात्र नवस एकदा घरात आला की तो एकटीचा राहत नाही. आव्वांनी तो त्याच दुपारी ताब्यात घेतला. पहिला प्रश्न, नवसाला कोणी बुटं घालतं काय? अनवाणी पाहिजे. मी म्हणाले की देवाला बोलतानाच मी बुटासकट बोललेय. आव्वांनी थोडा विचार केला. देवाला सांगून झालंय म्हणजे आता बदलता येत नाही, हे त्यांना पटलं. पण पाचवारी साडी पायात येते हे त्यांनी स्वतःच ओळखलं आणि पेटीतून आपलं जुनं नऊवारी लुगडं काढून मला काष्टा घालायला शिकवला, शेतात भांगलायला बायका घालतात तसा घट्ट. सांगते, पुढे मी धावण्याचे महागडे कपडेही घातले, पण पायांना तेवढी मोकळीक पुन्हा मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दाराची कडी काढली तर आव्वा चप्पल घालून तयार. फेऱ्या मोजायला कोणीतरी पाहिजे म्हणाल्या. एकटीनं मोजलं तर देवाला वाटंल फेरी खाल्ली. मी मनात म्हणाले, संपलं. गेला माझा तास.

तसं झालं नाही. रंकाळ्याच्या पायऱ्यांवर त्यांनी पदराच्या गाठीतून चिंचोके काढले आणि एका मुठीत धरून बसल्या. माझी फेरी झाली की एक चिंचोका या मुठीतून त्या मुठीत. बोलणं काही नाही. मी धावत राहायचे, पाण्यावरून वारा यायचा, आणि पुरी फेरीभर मला कोणी मोजा मागायचं नाही. आठवडाभराने त्यांनी हिशेब फिरवला. एवढ्याशा फेरीनं देव कुठला पावतोय म्हणाल्या, आणि दोन केल्या. पावसाळ्यानंतर तीन. मी धापा टाकत आले की माझ्या तोंडाकडे बघून म्हणायच्या, "बोलाय येतंय न्हवं? मग दम हाय अजून." पुढे कित्येक वर्षांनी एका जाणत्या धावपटूने मला नेमकं हेच सांगितलं, की बोलता येईल इतक्या वेगानेच लांब पल्ला धावावा. मी त्याला म्हणाले, आमच्या घरी हे ठाऊक आहे.

आता लोक थांबायचे ते वेगळ्या कारणाने. नवसाची बाई म्हणून बायका हळदीकुंकू लावायच्या, कुणी हातात नारळ द्यायच्या. नारळ घेऊन धावणं सोपं नाही. ते सगळे मी आव्वांच्या पुढ्यात टाकायचे, आणि त्या वर्षी आमच्या घरात चटण्यांची नुसती लयलूट झाली. गवळीमामा मला आल्याआल्या धारोष्ण दुधाचा पेला द्यायचे आणि पैसे विचारले की देवाचं काम म्हणायचे. मी लाजेने तो पेला घटाघटा प्यायचे. वस्तादांनी तर पैलवानांना माझं उदाहरण द्यायला सुरुवात केली होती.

आणि आव्वा बदलायला लागल्या. सुरुवातीला त्या पदर डोक्यावर घेऊन एकट्या बसायच्या. महिनाभरात त्यांच्याभोवती चार बायका जमल्या. मग सहा. मी लांबून येताना पाण्यावरून त्यांचं हसणं ऐकू यायचं. मी त्या घरात सतरा वर्षं होते, आणि आव्वा इतक्या मोठ्याने हसतात हे मला माहीत नव्हतं. एकदा जवळ आले तर त्या गाडीवरचा चहा बशीत ओतून पीत होत्या. घरात बाहेरच्या चहाला हात न लावणारी बाई. मला बघून त्यांनी बशी खाली ठेवली नाही, फक्त भुवया उंचावल्या. मी पुढची फेरी घेतली. एवढ्या वर्षांत आमच्या दोघींचं असं पहिलंच गुपित.

त्या सहा बायकांनीच माझा घात केला. त्यातल्या एकीची भाची गडहिंग्लजकडची. पस्तिशीला आलेली, वडिलांमागे घरचं गुऱ्हाळ स्वतः चालवणारी, आणि आलेल्या स्थळांना स्वतःच नकार देणारी. आव्वा घरी येऊन सांगायला लागल्या आणि माझ्या हातातलं लाटणं थांबलं. माझ्या धावण्यामुळे आव्वा रंकाळ्यावर आल्या, रंकाळ्यामुळे हे स्थळ आलं, आणि स्थळ जमलं की धावणं संपलं. मी स्वतःच्याच पायांनी स्वतःचा तास घालवायला निघाले होते.

आता जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते. मुलगी बघायला निघताना भाऊजी घाबरलेले होते, काय बोलू म्हणून विचारत होते. एरवी मी सांगितलं असतं की गूळ सोडून काहीही बोला. त्या दिवशी म्हणाले, भाऊजी, मनातलं बोला. तुम्हाला जे येतं तेच बोला.

ते बोलले. पोहे संपायच्या आत त्यांनी पिवळ्याधमक ढेपेचं कौतुक सुरू केलं. मी निवांत बसले. मुलगी दाराशी उभी होती, ती दोन पावलं पुढे आली आणि म्हणाली, "पिवळाधमक गूळ म्हंजे रंगासाठी पावडर घातल्याला. अडतीवर बसून एवढंबी वळखत न्हाय व्हय तुमी?"

भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा गुळाच्या विषयावर तोंड मिटलं आणि तिच्याकडे बघितलं. तीही बघत होती. मग तिने विचारलं, गुऱ्हाळ बघायचंय काय? दोघं मागच्या दाराने गेले ते तासाभराने आले, आणि भाऊजींच्या सदऱ्यावर काकवीचा डाग होता. मला कळायचं ते कळलं.

लग्न वैशाखात झालं. मी हौसेने मिरवले, नाही असं नाही. भाऊजींना खुशीत बघून जीव निवला होता. पण वऱ्हाडाला वाढतानाही मी दिवस मोजत होते. आव्वांनी सांगून टाकलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी थोरलीने घरापासून जोतिबापर्यंत पळत जाऊन नवस फेडायचा. बाकीचे जीपमधून मागे. नवं जोडपंही तिथंच पाया पडेल. आणि मग झालं. मग थोरलीला आराम, असं आव्वा सगळ्यांना सांगत होत्या. मला आराम नको होता. हे कुणाला सांगणार?

रविवारी झुंजुमुंजू व्हायला निघाले. पंचगंगेचा पूल ओलांडला, वडणगे फाटा मागे पडला. मागे जीप, पुढच्या सीटवर आव्वा, खिडकीतून बाहेर काढलेली मूठ. केर्लीपर्यंत तर मी मजेत होते. दोन मोटारसायकलवाले थांबले, बसा म्हणाले. आव्वांनी जीपमधूनच ओरडून सांगितलं की नवस हाय, तर ते म्हणाले मग पळा, आणि थोडा वेळ बाजूने गाडी चालवत सोबत आले.

घाट सुरू झाला तसे पाय जड झाले. पण पायांचं एवढं काही नव्हतं. शेवटची दोन वळणं राहिली आणि मला पुढे जाववेना. वर पोचले की बूट काढायचे. उद्या पहाटे मी पुन्हा ओट्याशी, आणि मोजा कुठाय. मी मुद्दाम हळू झाले. मग चालायला लागले. मग थांबले.

जीप थांबली. आव्वा उतरल्या आणि जीपला पुढे जायला सांगितलं. रस्त्यावर आम्ही दोघीच राहिलो.

"पाय दुखतोय?"

मी नाही म्हणाले.

"मग?"

मी सांगून टाकलं. की उद्यापासून पळायचं नाही, आणि मला ते सोसणार नाही. एवढंच म्हणाले आणि रडायला लागले, काष्टा घातलेली बेचाळीस वर्षांची बाई, भर घाटात. माझी समजूत होती की आव्वा रागावतील, नवस फेडताना असं रडणं बरं नव्हे म्हणतील.

आव्वा कठड्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "तुला एकटीलाच वाटतंय व्हय? माझं काय? मालक गेल्यापास्नं लगीन आन् मयत सोडून मी कुठं गेलतो सांग. रोज पहाटे उठून रंकाळ्यावर येतोय, ते काय देवासाठी?"

त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, मुलाचं पुसतात तसं. उठताना हळूच विचारलं, खरंच बोलली हुतीस का ग नवस? मी उत्तर जुळवायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं. नको सांगू म्हणाल्या. देवानं त्याचं काम केलंय.

राहिलेला रस्ता आम्ही एकत्र गेलो. मी त्यांच्या वेगाने धावले, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी.

वर भाऊजींनी रीतीप्रमाणे नवरीला उचलून पायऱ्या चढायला घेतल्या. पाच चढायच्या असतात. तिसरीला त्यांची कंबर बोलली, आणि नवरी आपणहून उतरून त्यांचा हात धरून वर गेली. गुलालात सगळे न्हाऊन निघालो. मी नारळ वाढवला, नवस फिटला, यजमानांनी हुश्श केलं. तेवढ्यात आव्वा गाभाऱ्यापुढे दोन्ही हात जोडून त्यांच्या त्या आवाजात, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "देवा, धाकट्याचा संसार सुखाचा कर. तो सुखाचा झालाय हे पक्कं कळंपतोर माझी थोरली रोज पळंल, आन् मी मोजंन. बुटासकट बोलतोय."

यजमान गोंधळले. ते कळणार कधी, असं त्यांनी विचारलं.

"कळंल तवा कळंल," आव्वा म्हणाल्या. "संसार हाय त्यो. कुस्ती न्हवं, दहा मिंटात निकाल लागायला."

मी खाली मान घालून उभी होते. नव्या जावेला वाटलं मी भक्तीने मान झुकवलीय. मी हसू दाबत होते, आणि डोळे मात्र वाहत होते.

त्यानंतर आम्ही दोघी वर्षानुवर्षं रंकाळ्यावर गेलो. दर पाडव्याला आव्वा जावेला बोलावून विचारायच्या, काय ग, सुखी हाईस न्हवं? पहिल्या वर्षी ती बिचारी लाजून हो म्हणाली. आव्वा म्हणाल्या, वर्षात काय कळतंय, अजून बघूया. पुढे जावेला मूल झालं, दुसरं झालं, भाऊजी पिवळ्या ढेपेला हात लावेनासे झाले, तरी आव्वांचं आपलं अजून बघूया. नवं शतक उजाडलं, गावात धावायच्या शर्यती निघाल्या. एका शर्यतीच्या अर्जावर प्रशिक्षक असा रकाना होता. मी त्यात 'सासूबाई' लिहिलं. अर्ज घेणाऱ्या माणसाने चष्मा काढून ते दोनदा वाचलं.

मग आव्वांचे गुडघे गेले, आणि त्या अंथरुणाला खिळल्या. पायऱ्यांवरच्या सहाजणींपैकी तोपर्यंत दोनच उरल्या होत्या. आव्वा खाटेवरूनच मोजायच्या. मी आले की किती म्हणून विचारायचं, तीन म्हटलं की तीन चिंचोके या मुठीतून त्या मुठीत.

त्या हिवाळ्यात एका पहाटे त्यांना बरं नव्हतं. श्वास लागत होता. डॉक्टर येऊन गेले होते. मी बूट घातले नाहीत, खाटेशी पाय पोटाशी घेऊन बसले. आव्वांनी डोळे उघडले, माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि जावेला हाक मारली. ती आली. तिच्या मागे भाऊजी तिच्याच चहाची कपबशी हातात धरून उभे, फुंकर मारून तो निववत होते.

"खरं सांग," आव्वा म्हणाल्या. आवाज आता फक्त खोलीपुरता राहिला होता. "सुखी हाईस काय?"

जावेने भाऊजींकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे. तिला त्या नवसामागचं गुपित कुणी कधी सांगितलं नव्हतं, निदान मी तरी नाही. ती शांतपणे म्हणाली, "अजून नक्की सांगता येत न्हाय, आव्वा."

भाऊजींची फुंकर अर्ध्यावरच राहिली. आव्वांच्या तोंडावर मात्र समाधान पसरलं. त्या माझ्याकडे वळल्या.

"ऐकलंस न्हवं? मग नवस मोडतीस काय? घाल बुटं."

मी गेले. धुकं होतं, पाणी दिसत नव्हतं, पायऱ्यांवर कोणी नव्हतं. जीव घरात अडकला होता, म्हणून दोनच फेऱ्या मारून धावत परत आले. आव्वांना झोप लागली होती, श्वास सरळ चालला होता. एक मूठ रिकामी होती. दुसरी अर्धवट उघडी, आणि तिच्यात तीन चिंचोके आधीच मोजून ठेवलेले.

मी दार हळूच ओढून घेतलं आणि तिसरी मारायला परत बाहेर पडले.